व्हायरस पिल्लूच उचलतं

टोमॅटोचे शेंडे तांबूस-जांभळे पडून जळायला लागले, कोवळ्या पानांवर काळपट ठिपके आणि हिरव्या फळांवर गोल कडी दिसली, की प्लॉटमध्ये पहिलं येतं ते थ्रिप्सचं, म्हणजे फुलकिड्यांचं, औषध. थ्रिप्स मरतात, शेंडे मात्र जळतच राहतात. मग औषध बोगस ठरतं आणि दुसरं, आणखी महागडं येतं. बहुतेक वेळा औषधात खोट नसते, ते उशिरा पडलेलं असतं. आज दिसणारा जळका शेंडा म्हणजे फुलकिड्यानं आणलेल्या व्हायरसची कित्येक दिवसांपूर्वी झालेली लागण.

फुलकिड्याची मादी पानाच्या आत, पेशींमध्ये अंडं घालते. पिल्लू बाहेर पडतं, खातं, कात टाकतं, पुन्हा खातं आणि मग बहुतेक वेळा मातीत उतरून कोषात जातं. कोषात खाणं बंद. त्यातून पंखवाला किडा निघतो. २५ ते ३० अंश तापमानात हे सगळं साधारण दोन आठवड्यांत उरकतं. शेंडे जाळणारा हा व्हायरस टोस्पो नावाच्या गटातला. तो किड्यात टिकून राहण्यासाठी शिरतो तो फक्त कोवळ्या पिल्लाच्या अवस्थेत. निरोगी झाडावर वाढलेला मोठा किडा नंतर रोगट पान कितीही खाऊ दे, व्हायरस त्याच्या आतड्यातच अडतो, लाळग्रंथीपर्यंत पोचत नाही. पिल्लानं उचलला तर मात्र तो किड्याच्या अंगात वाढतो, कोषातूनही टिकतो आणि तो किडा मरेपर्यंत पसरवत राहतो. अंड्यातून पुढच्या पिढीत तो जात नाही.

म्हणजे नुसतं रोगट झाड शेजारी असून भागत नाही, त्या झाडावर फुलकिड्याची वीण व्हावी लागते. सगळी उपाययोजना या एका गोष्टीवर उभी करायची.

किड्याच्या तोंडात डावा जबडा तेवढाच कामाचा, उजवा खुरटलेला. डाव्यानं भोक पाडायचं, सुईसारख्या सोंडेनं लाळ सोडायची, रस ओढायचा. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून पान चंदेरी दिसतं. लागण व्हायला काही मिनिटांचं खाणं पुरतं. बाहेरून उडत आलेला किडा फवारलेल्या पानावर मरतो खरा, पण मरण्याआधी काम करून जातो.

नाशिकमध्ये द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो एकाच बांधाला असतात, त्यामुळे ‘कांद्याचे थ्रिप्स टोमॅटोवर आले आणि व्हायरस आला’ असं सर्रास बोललं जातं. ते बरोबर नाही. कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी पसरवतो तो आयरिस येलो स्पॉट व्हायरस. भारतात त्याची पहिली नोंद २००६ साली झाली, तीही जालना आणि नाशिकच्या कांद्यावरून. कांद्याच्या डोंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, वाळल्या गवताच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते चट्टे पडतात आणि दांडा तिथेच मोडतो. टोमॅटोचा शेंडा जाळणारा ग्राउंडनट बड नेक्रोसिस व्हायरस मुख्यतः थ्रिप्स पाल्मी ही फुलकिड्याची दुसरी जात आणते. हाच व्हायरस भुईमूग, मूग, उडीद, सोयाबीन यांच्यावरही येतो. तेव्हा खरीप टोमॅटोचा धोका कांद्याच्या वाफ्यापेक्षा शेजारच्या मुगात जास्त. द्राक्षावरचे थ्रिप्स मण्यांवर खरचट्या पाडतात. व्हायरसचं खापर त्यांच्यावर फोडू नका.

रोपवाटिकेपासून सुरुवात करा. ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी लावली म्हणून निर्धास्त राहू नका. पांढरी माशी अडवायला साधारण ०.४६ मिलिमीटरपेक्षा बारीक भोक चालतं, फुलकिड्याला ०.१९ लागतं. इतक्या बारीक जाळीत हवा खेळत नाही आणि रोपं लांबट होतात. म्हणून ४० किंवा ५० मेशच वापरायची, पण आत निळे चिकट सापळे रोपांच्या उंचीला टांगायचे, आतलं-बाहेरचं तण काढायचं आणि दार दुहेरी ठेवायचं.

लागवडीला चंदेरी बाजू वर ठेवून मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरायचा. परावर्तित उजेडानं उतरणारा किडा बावचळतो. झाडांनी कागद झाकला की हा फायदा संपतो, पण पहिले ४०-४५ दिवसच खरे नाजूक असतात. पिकाभोवती मक्याच्या दाट दोन ओळी, त्याही लागवडीच्या महिनाभर आधी पेरलेल्या. टोमॅटोबरोबर पेरलेला मका गुडघ्याला येईपर्यंत किडे आत येऊन गेलेले असतात. खरिपात वारा पश्चिमेकडून, तेव्हा ती बाजू पातळ ठेवू नका.

सुरुवातीला दिसलेलं रोगट झाड उपटून हलवत बांधावर नेणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पिल्लं वाटभर गळतात. झाडावर आधी पिशवी चढवा, मग खालून कापा, तोंड बांधा आणि दिवसभर उन्हात ठेवा.

पाहणी करताना पिल्लं पांढऱ्या कागदावर शोधू नका, फिकट रंगामुळे दिसत नाहीत. काळ्या कागदावर फूल झटका. कांद्यात मात्र मानेतली आतली पानं उघडूनच बघावं लागतं. तिथे झाडामागे ३० थ्रिप्स ही फवारणीची पातळी सांगतात. ती रस शोषण्याच्या नुकसानीची आहे. व्हायरसच्या हिशेबात ती लावू नका.

एका फवारणीत पानातली अंडी आणि मातीतले कोष दोन्ही वाचतात, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरी, आणि तीही वेगळ्या गटातल्या औषधाची. व्यापारी नाव वेगळं म्हणजे गट वेगळा असं नसतं, लेबलवरचा घटक वाचा. कांद्याच्या मेणचट पातीवर लिटरला अर्धा ते एक मिली स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) घातल्याशिवाय पाणी थांबतच नाही.

गाजर गवताचं गणित निराळं. त्यावर टोबॅको स्ट्रीक व्हायरस लक्षणं न दाखवता राहतो, आणि तो किड्याच्या पोटातून नव्हे, परागातून जातो. अंगाला पराग चिकटलेला फुलकिडा पिकावर खरचटतो आणि त्या जखमेतून व्हायरस शिरतो. आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात २००० साली भुईमुगाचं सुमारे सव्वादोन लाख हेक्टर त्यात सापडलं होतं. इथे पिल्लू-मोठा हा भेदच लागू नाही. गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटायचं.