टीपीएस बदलण्याआधी मीटर लावा

रेस दिली की गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम उसळते. उभ्या गाडीचं आयडलिंग वरखाली होतं, स्कॅनरवर पी०१२२ किंवा पी०१२३ दिसतो. एवढ्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (टीपीएस, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडली ते सांगणारा सेन्सर) बदलून मोकळं होणारे पुष्कळ. पण हे कोड फक्त एवढंच सांगतात की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सेन्सरकडून मिळालेलं व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त होतं. ते कुठे बिघडलं, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

केबलने चालणाऱ्या थ्रॉटलवर बहुतेक तीन वायरींचा सेन्सर असतो: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. आत कार्बनचा ट्रॅक आणि त्यावर घासत फिरणारी पट्टी. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणात असतं, तेच.

वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नका, डायग्राम बघा. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, चावी ऑन, इंजिन बंद. कनेक्टर जागेवरच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीला लागून बारीक टाचणी आत सरकवा आणि तिला प्रोब लावा. वायरीचं कव्हर टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तांबं हिरवं पडतं.

आधी अर्थ. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल अर्थच्या टाचणीवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरिंगचा. अर्थ पूर्ण तुटला असेल तर थ्रॉटल कुठेही असो, सिग्नल ५ व्होल्टच्या जवळ चिकटून बसतो. अशा वेळी चांगला सेन्सर फुकट बदलला जातो आणि कोड तसाच राहतो.

मग पुरवठा, ५ व्होल्टच्या आसपास हवा. फारच कमी असेल तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर, उदाहरणार्थ मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एकेक करून काढून बघा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले तर शॉर्ट त्याच्यात आहे.

हे दोन्ही ठीक असेल तरच सिग्नल. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमधले धरा. पण दोन टोकं बरोबर आली म्हणून सेन्सर पास करू नका. खरी परीक्षा मधल्या प्रवासाची. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची झडप, हाताने अगदी सावकाश उघडा, दहा सेकंद तरी लावा. ०.५२, ०.६८, ०.८४ असं चढत असताना मध्येच ०.०३ आणि पुढे पुन्हा १.०८ आलं, तर ट्रॅक तिथे झिजलाय. ही झीज बहुधा आयडलच्या थोडी वर सापडते, कारण रोजच्या चालवण्यात पट्टी तिथेच सर्वांत जास्त घासते. डिजिटल मीटरचा आकडा सेकंदाला दोन-चारदाच बदलतो, क्षणाचा खड्डा त्यातून निसटतो. मीटरला मिन-मॅक्सचं (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असेल तर वापरा. काट्याचा जुना मीटर या कामाला झकास, काटा मध्येच झटका खाताना स्पष्ट दिसतो. थ्रॉटल हलवताना सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. तक्रार इंजिन तापल्यावरची असेल, तर तपासणीही तापल्यावरच.

ओहमची तपासणी चावी बंद आणि कनेक्टर काढून. पुरवठा आणि अर्थच्या पिनांमधला रोध थ्रॉटल हलवला तरी बदलता कामा नये, तो बहुधा काही किलोओहम असतो. सिग्नलच्या पिनवरचा मात्र न अडखळता बदलायला हवा. हॉल इफेक्टचा (ट्रॅकऐवजी चुंबकावर चालणारा) सेन्सर असेल तर ओहम मोजून उपयोग नाही, तिथे व्होल्टेजच बघा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये चावी ऑन असताना बोट घालू नका. मोटर झडप जोरात मिटते आणि बोट चेमटतं. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. तिथे दोन सिग्नल असतात. पुष्कळ गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. काहींत दोन्ही चढतात, म्हणून आधी मॅन्युअल.

सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतील तर बंद थ्रॉटलचं व्होल्टेज तो किंचित फिरवून जुळवता येतं. पण ते जास्त दिसलं म्हणून लगेच फिरवायला जाऊ नका. बटरफ्लायच्या कडेला कार्बन साचून झडप पूर्ण मिटत नसेल, तरीही आकडा वरच दिसतो. आधी तो कार्बन साफ करा, मग पुन्हा मोजा.