चार नंबरचा आवाज

दिवाळीच्या आसपासची गोष्ट आहे. माजलगावकडून उसाचं बेणं भरून येत होतो, तेलगाव मागं टाकलं, धारूरचा घाट लागला आन सेकंड गिअरला गाडी चढायला लागली तशी उघड्या खिडकीतून टक टक टक टक. मोकळ्या रोडवर आवाज हवेत जातो, पण घाटात एका अंगाला दरड असली की तीच तुमच्या गाडीचा आवाज तुमच्या कानात परत आणून टाकते. आवाज काही नवा नसणार, मलाच तेव्हा ऐकू आला.

आता पिकअपवाल्याला इंजिनातून आवाज आला की पहिलं काय आठवतं? हप्ता.

वर धारूरला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), इंजेक्टर (सिलेंडरात डिझेल फवारणारा), पिस्टन सगळं खोलून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑइल बदललं, वरून दुकानदारानं दिलेली आवाज कमी करायची बाटलीपण ओतली, दोन दिवस वाटलं फरक पडला, मग कळलं की फरक फक्त खिशाला पडलाय. घरी आबा म्हणले, "सकाळी लई वाजती, मी बाजेवर पडल्यापडल्या ऐकतो, मग तू निघून गेलास की कळत नाही." हे वाक्य मी ऐकून सोडून दिलं. आबांनी विहिरीवरचं ऑइल इंजिन वीस वर्षं नुसतं कानावर चालवलंय, घरी बसून सांगायचे की पाणी तुटलंय म्हणून, तरी मी सोडून दिलं.

मग गेलो एका गॅरेजला. पोरगं हुशार होतं, गाडी चालू ठेवून त्यानं एकेका सिलेंडरच्या इंजेक्टरचं कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढायला सुरुवात केली. एक काढलं, गाडी थरथरली, आवाज तसाच. दोन, तीन, तसाच. चार नंबरचं काढलं आन आवाज गायब! कपलर लावलं की हजर. "झालं, चार नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आन क्रँक जोडणारा दांडा) बेअरिंग गेलं, क्रँकला पण मार असंल, इंजिन खाली घ्यावं लागंल." अंदाज सांगितला 70-80 हजार.

टेस्ट एकदम बरोबर होती बरं का. चुकला तो निकाल. हे मला नंतर कळलं म्हणून तर लिहायला बसलोय.

(जुन्या गाड्यांवर लोक इंजेक्टरचा पाइपच ढिला करून बघायचे, ते आताच्या कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरला एकाच नळीतून दाबानं डिझेल देणारं इंजिन) चुकूनही करू नका. मागच्या टायरात चार-साडेचार बार हवा असते आन तिथं डिझेलचा दाब हजार बारच्या वरपण जातो, ती धार कातडीतून आत शिरते. पाइपला हात लावू नका.)

80 हजार ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आन आठ दिवस उभी केली. मग अंबाजोगाईला एक चाचा आहेत, जुने मिस्त्री, त्यांच्याकडं नेली. मी लगेच सांगायला लागलो, बेअरिंग गेलंय, क्रँक, असं तसं. चाचानी हात वर केला. "अरे बेटा, काय गेलंय ते मी बघतो. आवाज कधी येतो तेवढं सांग. थंडीला का गरमला? चढाला का उताराला?"

मी म्हणलं, सकाळी चालू केली की लई येतो, दहा-पंधरा मिनिटांनी कमी होतो. चढाला लोडवर वाढतो. उताराला एक्सिलेटर सोडला की जवळपास बंद.

तर चाचांचं म्हणणं असं की रॉडचं बेअरिंग गेलं असलं तर उलटं व्हायला पाहिजे. ऑइल गरम होऊन पातळ झालं की ते जास्त ठोकतं, आन रेस देऊन एकदम सोडली की त्या सोडण्यात ठोका येतो. टॅपेटचा आवाज भरलेल्या आन रिकाम्या गाडीला साधारण सारखाच. थंडीत जास्त, गरम झाल्यावर कमी, लोडला जास्त हे लक्षण धूर कुठंतरी फटीतून सुटतोय त्याचं, कारण लोखंड तापून फुगलं की फट दबते. आन चार नंबर बंद केल्यावर आवाज का गेला? त्या सिलेंडरमध्ये जळणच नाही तर फटीतून जोरात सुटणार काय? ठोका असो का फट, चार नंबर बंद केला की दोन्ही गप होणार. त्या टेस्टनं फक्त घर सापडलं, चोर नाही सापडला.

टॅपेटशी गफलत व्हायचं पण कारण आहे. फोर स्ट्रोकमध्ये एक सिलेंडर इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो, टॅपेट पण दोन फेऱ्यांत एकदाच हलतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मिनिटाला 800 फेऱ्या धरा, म्हणजे मिनिटाला 400 टक, दोन्हीचे सारखेच. कानाला फरक कळायला चाचांचाच कान पाहिजे.

मग मला विचारलं, "घाटात ओढायला कमी पडते का?" पडत होती! मी समजत होतो बेणं जास्त भरलंय. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, त्याच्या आधीच धूर सुटला तर तो फिरवायला जोर कुठून येणार. डिझेलपण जास्त पीत होती, ते मी रोडच्या खड्ड्यांवर ढकलत होतो.

गाडी रात्रभर तिथंच ठेवली. सकाळी थंड इंजिन चालू केलं, चाचानी ओल्या पोत्याचा बोळा करून सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगितला, आन पुढं एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाकडून, फस्स फस्स स्पष्ट ऐकू आलं. वरची पत्र्याची शील्ड काढली तर खाली चार नंबरपाशी काळी काजळी, चुलीमागच्या भिंतीवर असते तशी, पंख्यासारखी पसरलेली. मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला आवळून धरणारा एक स्टड (बोल्ट) तुटलेला, एक ढिला. शील्ड लावलेली असल्यामुळं आतापर्यंत कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी खात्रीला थोडं ऑइल काढून उन्हात थाळीत बघितलं, बेअरिंग झिजल्याची धातूची चमक नव्हती. मॅग्नेट फिरवून उपयोग नाही म्हणले, बेअरिंगचा मेटल मॅग्नेटला चिकटत नाही.

तुटलेला स्टड काढायचं काम मात्र बघण्यासारखं. हेडच्या आत बुडखा राहिलेला, बाहेर जेमतेम दोन सूत. मला वाटलं ड्रिल मारणार. चाचानी वेल्डिंगवाला पोरगा बोलावला, बुडख्यावर एक नट ठेवला आन नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं, लाल भडक झालं. मग चहा. खरंच, चहा प्यायला लावला, तोवर ते काळं पडलं. मग पाना लावून जरा पुढं, जरा मागं, पुढं, मागं, करर्र आवाज आला आन बुडखा फिरत फिरत बाहेर. तापून आवळलेला गंज सुटतो म्हणे. मॅनिफोल्ड वाकला होता, लेथवर नेऊन फेस मारून आणला. नवं गॅस्केट (सांध्यातली पट्टी), सगळेच स्टड नवे, मधून बाहेर असं आवळत गेले. 500 किलोमीटर झाल्यावर परत आवळायला ये म्हणले. सगळं मिळून 4,200.

त्याच फेरीत केबिनमधली घरघर पण काढली. त्यातलं अर्धं माझंच पाप. टेप बसवताना इंजिनच्या बाजूच्या पत्र्याला मी भोक पाडलं होतं आन वायर नुसतीच आत ओढलेली, त्या भोकातून सगळं इंजिन माझ्या पायाशी बोलत होतं. रबरी ग्रोमेट घातलं. गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर बदललं. इंजिनचं एक माउंटिंग बसलं होतं, आयडलला स्टिअरिंग थरथरायचं ते त्याच्यानं. शील्डचा बोल्ट झिजला होता तिथं मोठा वायसर. बॉनेटखाली मी आवाज दाबायला जुनी गादी फाडून स्पंज लावला होता, तो चाचानी शिव्या देत ओढून काढला. "डिझेल पिऊन बसलाय हा, जळायचंय का?" त्यांचं बरोबर होतं, पिळला तर हात तेलकट झाला.

परवा खताची पोती भरून परत त्याच घाटातून आलो. खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. दरडीकडून इंजिनाची नुसती घुमघुम, वर बारीक टर्बोची शिट्टी, आन एक नवाच खडखडाट. वरती येऊन थांबून बघितलं तर मागच्या फाळक्याची साखळी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आन निघालो. आबांना सकाळी विचारलं, ते म्हणले, "आज कधी गेलास ते कळलंच नाही."