मुळं, कातळाची पायरी आणि वळण: महाबळेश्वरच्या रानातला एक अवघड उतार

महाबळेश्वरच्या पठारावर वरचा थर जांभ्याचा, त्याखाली बेसॉल्टचा कातळ आणि वर अंजन, जांभूळ, पिसा यांचं दाट, बुटकं रान. माती पातळ असल्यामुळे मुळं खोल न जाता वाटेवर आडवीतिडवी पसरतात. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. वाटेवरची माती वाहून जाते आणि दिवाळीच्या सुमारास मुळं चार-चार बोटं उघडी पडलेली दिसतात. अशा वाटेवरचा एक टप्पा मी माउंटन बाइकवरून कसा उतरतो ते लिहितो: आधी मुळांचं जाळं, मग कातळाची पायरी आणि तिला लागूनच डावीकडे घट्ट वळण. सुरुवात वनखात्याकडे चौकशी करून. बरंचसं रान राखीव आहे आणि कुठल्या वाटेवर सायकल चालते हे तिथेच कळतं. भर पावसात मात्र मी जातच नाही. ओल्या मातीत चाकाने चर पडतो आणि पुढच्या सरीत त्याचा ओहोळ होतो.

सायकल हार्डटेल, म्हणजे धक्के झेलायची सोय फक्त पुढे, मागे नाही. चाकं २९ इंची, टायर २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), पुढे १२० मिमीपर्यंत दबणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. सामानासकट माझं वजन ७५ किलोच्या आसपास. त्याला पुढे २१ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. तीसच्या पुढे गेलं की टायर मुळाला धरत नाही, त्यावरून उसळतो. मागे फारच कमी ठेवली तर दगडावर रिम आपटते, काठ चेपतो आणि तिथून हवा सुटते. दोन पंपांचे काटे एकसारखे नसतात, म्हणून दरवेळी एकाच काट्यावर मोजतो. फोर्कचा सॅग, म्हणजे नुसत्या अंगाच्या वजनाने तो किती दबतो ते माप, पेडलवर उभं राहून, कोपरं वाकवून घ्यायचा. माझा ३० मिमी येतो. रिबाउंडकडे, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगाकडे, बरेच जण बघतही नाहीत, पण मुळांवर खरा फरक त्यानेच पडतो. तो फार हळू असेल तर पहिल्या मुळावर दबलेला फोर्क दुसऱ्यापर्यंत वर येत नाही आणि तिसऱ्यावर दांडगा धक्का थेट मनगटात बसतो. फार जलद असेल तर हँडल हातात उसळत राहतं.

मग सायकल वर ठेवून टप्पा पायी उतरायचा आणि खालून वर बघत परत चढायचा. वरून सपाट वाटणारी मुळं खालून किती उंच आहेत ते कळतं. पाचोळ्यात काठी खुपसून बघतो. खाली कधी खड्डा असतो, कधी सुटा दगड. जातानाची रेघ तेव्हाच ठरवायची आणि ब्रेक कुठे सोडायचा ती जागासुद्धा. सगळा टप्पा या एका गोष्टीवर उभा आहे: वेग कमी करायचा तो अडथळ्याच्या आधी, अडथळ्यावर नाही.

मुळांवर याचं कारण लगेच दिसतं. ये-जा करून साल घासली गेलेलं, दवाने ओलं झालेलं मूळ साबणासारखं असतं. चाक त्यावर काटकोनात गेलं तर नुसतं चढून उतरतं. तिरकं गेलं तर मुळाच्या लांबीला लागून सरकतं, आणि त्याच क्षणी ब्रेक धरलेला असेल तर उरलीसुरली पकडही जाते. म्हणून पहिल्या मुळाच्या दोन-तीन मीटर आधी मातीवर दोन्ही ब्रेक, मग बोटं सैल. पेडलं आडवी, टाचा किंचित खाली, भार पायांवर, हात हलके. तिरकं मूळ टाळता येत नसेल तर पुढचं चाक थोडं उचलून पलीकडे टाकतो. मागचं सरकलं तर सरकू देतो. हँडल सरळ असेल तर ते स्वतःहून ओळीत येतं. नजर चाकापुढे नव्हे, पायरीच्या तोंडावर.

पायरी साधारण ३५ सेंमी आहे. चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) कडेवर आपटेल अशी भीती सगळ्यांना वाटते, पण हिशेब करून बघा. क्रँकचा, म्हणजे पेडलांच्या दांड्यांचा, मध्य जमिनीपासून ३१ सेंमी, ३२ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या साडेसहा. म्हणजे खाली साडेचोवीस सेंमी मोकळे. पुढचं चाक ३५ सेंमी खाली गेलं आणि मागचं अजून वर असलं की क्रँकची जागा तेरा-एक सेंमीच खाली येते. फोर्क दबला तरी जागा उरते. घात होतो तो पायथ्याच्या खड्ड्याने. पाणी पडून तिथे माती उकरली जाते, पुढचं चाक त्यात रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. उजवीकडे कातळ उतरता आहे, खड्डा नाही. मी तिथूनच जातो. सीट पूर्ण खाली, चालण्याचा वेग, छाती हँडलजवळ. चाक कडेवरून सुटलं की हात लांब करून हँडल पुढे-खाली ढकलायचं, कंबर आपोआप मागे येते. आधीपासूनच मागे बसलं तर हात ताणलेले असतात, ढकलायला काही उरत नाही आणि पुढच्या चाकावर भार नसल्यामुळे ते वळत नाही.

वळण त्यामुळेच अवघड. पायरीवरून येताच भार पुन्हा मध्यावर घ्यावा लागतो. खाली मुरमाचा घसारा आहे, तिथे पुढचा ब्रेक धरला की चाक बाजूला पळतं. वेग पायरीच्या वरच कमी केलेला असतो, घसाऱ्यावर फक्त मागच्या ब्रेकचा हलका हात. बाहेरच्या काठाने शिरायचं, डावं पेडल वर, सायकल डावीकडे झुकवायची, अंग सरळ, आणि मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघायचं.

सकाळी मुळं काळी, चकचकीत दिसली तर मी उतरून चालतो. सायकल दरीच्या बाजूला, आपण डोंगराच्या बाजूला, हात मागच्या ब्रेकवर. पुढे गवा उभा असेल तर थांबायचं आणि तो जाईपर्यंत लांबच राहायचं.

खाली आल्यावर मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) मागून बघतो. दगड लागून हँगर, म्हणजे डिरेलर सायकलला जोडणारी पट्टी, किंचित वाकला तर चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर असताना डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये अडकतो, म्हणून जोडीला एक हँगर, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि ट्यूबलेस प्लग (टायरचं भोक बुजवणारी पट्टी) असतातच. मग लाल मातीची पेस्ट ब्रेकचे पॅड आणि रोटर (पॅड जिला धरतात ती चकती) यांच्यामधून पाण्याने काढायची. ती तशीच वाळली तर पुढच्या उतारावर ब्रेक किंचाळतात आणि पॅड भराभर झिजतात.