दातात फाइली आणि एक्स-रेची रांग

रूट कॅनाल दुखत नाही, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगते. मला त्रास झाला तो एक्स-रेच्या खिडकीपाशी. दोन महिने झाले तरी तो राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

खालची उजवीकडची मोठी दाढ आतपर्यंत किडली होती. खासगी दवाखान्यातला खर्च झेपणारा नव्हता, म्हणून एसटीने दीड तासावरच्या दंत महाविद्यालयात गेले. केसपेपर, तपासणी, पुढची तारीख, सगळं एका सकाळी उरकलं. तपासणीच्या ट्रेमध्ये मोजून तीन वस्तू होत्या: लांब दांड्याचा छोटा गोल आरसा, टोकाला वाकवलेली सुई (तिला एक्सप्लोरर म्हणतात) आणि चिमटा. आरशाने गाल बाजूला धरला, सुईने कीड किती मऊ पडलीय ते चाचपलं. मग आरसा उलटा धरून त्याच्या दांड्याने एकेका दाढेवर हलकेच टकटक केलं. शेजारच्या दाढेला काहीच नाही. हिच्यावर टिचकी बसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावरच डॉक्टरांना कळायचं ते कळलं.

ठरलेल्या दिवशी पीजी करणारी एक मुलगी माझ्यावर काम करणार होती. तिने आधी सीलबंद पाकीट माझ्यासमोर फाडलं. ऑटोक्लेव्हमधून हत्यारं वाफेने निर्जंतुक होऊन आली की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो, तो तिने बोट ठेवून दाखवला. तुम्हीही बघून घ्या, यात डॉक्टरांना राग यायचं काही कारण नाही. मग भूल, मग एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र. त्याची शिट्टी कानात घुमते खरी, पण पाण्याचा फवारा दात तापू न देण्यासाठी असतो आणि सक्शनची नळी ते पाणी ओढून घेते, हे समजल्यावर माझी भीती निम्मी झाली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि हातून काही निसटलं तरी घशात पडत नाही.

नंतर आल्या फाइली, दाढेच्या मुळांतल्या बारीक नळ्या खरवडून साफ करायच्या. पोलादाची पीळदार तार, जेमतेम नखाच्या कडेएवढी बारीक, वर प्लास्टिकची रंगीत मूठ. रंगावरून जाडी ओळखायची: पांढरी म्हणजे १५ नंबर, टोकाशी ०.१५ मिलीमीटर, पिवळी २०, लाल २५, निळी ३०. तारेवर रबराची चिमुकली चकती असते. फाइल नळीत किती खोल जाऊ द्यायची, त्या मापावर ती सरकवून ठेवतात. फाइल कमी गेली तर खाली घाण राहते, जास्त गेली तर मुळाच्या टोकातून पलीकडे टोचते. हे माप ओठाला हुक अडकवून एपेक्स लोकेटर नावाच्या यंत्रावर मिळतं. विभागातलं ते यंत्र त्या वेळी दुसऱ्या खुर्चीवर होतं, आणि तिच्या सरांना तसाही एक्स-रे हवाच होता.

म्हणून पडदा काढला, तीन नळ्यांत तीन फाइली तशाच ठेवल्या, प्रत्येकीला फ्लॉसचा दोरा बांधून तो गालाला चिकटवला. "काकू, तोंड मिटू नका आणि फाइलींना जीभ लावू नका," एवढं सांगून मला खालच्या मजल्यावर पाठवलं.

खाली बारा-तेरा माणसं रांगेत. मी तोंड उघडं ठेवून उभी. निम्मा ओठ बधिर, लाळ गळतेय, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात केसपेपर. दाढेतून बाहेर आलेल्या त्या तीन पांढऱ्या मुठी जिभेला लागतील या धास्तीने मान वळवायचीही सोय नाही. अर्ध्या तासाने खिडकीशी पोहोचले, तर बाई म्हणाल्या, "ही पावती पहिल्या एक्स-रेची आहे. या एक्स-रेची नवीन लागेल. कॅश काउंटर पलीकडच्या इमारतीत, एकला बंद होतो." घड्याळात एकला दहा कमी. मला शब्द बोलता येईना. मी तोंडाकडे बोट दाखवलं, त्यांनी मागच्या माणसाला हाक मारली. माझ्या मागे उभा असलेला कॉलेजचा एक मुलगा मात्र केसपेपर आणि पैसे घेऊन पळत गेला आणि पावती घेऊन आला. नाहीतर मी दोनपर्यंत तशीच उभी राहिले असते. तो कोण होता ते मला माहीत नाही, त्याचं भलं होवो.

वर परतले तेव्हा भूल उतरत आली होती, पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागलं. एका एक्स-रेसाठी पाऊण तास, आणि तो फक्त रांग आणि पावतीमुळे.

तेव्हा पहिली गोष्ट: खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना विचारा की एक्स-रे किती लागतील. माझे चार झाले: सुरुवातीचा, फाइली घालून, नळीत भरायची काडी नीट बसते का ते पाहायला, आणि भरून झाल्यावर. चारही पावत्या आधीच काढून ठेवा. सुटे पैसे न्या. सोबत कुणीतरी असू द्या, नसेल तर वही-पेन तरी. फाइलींना दोरा बांधलाय का ते विचारा. पोटभर जेवून जा, कारण बधिर ओठाने नंतर काही खाल्लं तर गाल चावला जातो. बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर आधीच सांगा.

पुढचं सगळं सुरळीत झालं. ब्लीचसारख्या वासाच्या औषधाने नळ्या धुतल्या, कागदाच्या बारीक काड्यांनी कोरड्या केल्या, मग गट्टापर्चाच्या (रबरासारख्या पदार्थाच्या) गुलाबी काड्या भरून वरचा भाग तापवलेल्या हत्याराने कापला. नंतर कॅप बसली. आता त्या बाजूने भाकरी चावते.

फाइली घातलेल्या रुग्णांना रांगेतून आधी सोडावं, एवढंच एका कागदावर लिहून मी तिथल्या सूचनापेटीत टाकलंय. पुढच्या महिन्यात वरच्या दाढेसाठी जायचं आहे, तेव्हा खिडकीवर विचारणार आहे.