रॅम्प झाला, आता स्टेजच्या पायऱ्यांचं काय?

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा वाचायचं काम, आमच्यातल्या एका मुलीने केलं, जिला जन्मापासून दिसत नाही. ब्रेलमधलं बायबल म्हणजे कपाटभर खंड असतात, त्यातला एक जाडजूड खंड तिच्यासमोर उघडा होता आणि बोटं आवाजाच्या दोन शब्द पुढे पळत होती. मार्कचा २ रा अध्याय, पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात, तो भाग. इतकं सुंदर वाचन खूप दिवसांनी ऐकलं. आणि उपासना सुटल्यावर बाहेर जो तो तिच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणतोय तर, प्रभू तुला नक्की दृष्टी देईल बेटा. वाचन कसं झालं ते कुणीच बोललं नाही! ती हसून थँक यू म्हणत होती पण मला मात्र फार लागलं ते.

बरं होण्यासाठी प्रार्थना करू नका असं मी म्हणतच नाहीये. पण एखादा माणूस व्हीलचेअरवर दिसला की आपल्याला फक्त त्याचं बरं होणंच सुचतं, हा माणूस मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांना, काय देऊ शकतो हे सुचतच नाही. त्यातून तो बरा झाला नाही की मग विश्वास कमी पडला म्हणायचं, कधी त्याचा, कधी त्याच्या आईचा. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं ना, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूने सरळ सांगितलं, दोघांचंही नाही. प्रेषित पौलाने तर शरीरातला काटा (आपल्या दुखण्याला तो काटा म्हणतो) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

नॅन्सी आयस्लँड नावाच्या एक अमेरिकन अभ्यासक होत्या, स्वतः जन्मापासून अपंग. 1994 मध्ये त्यांनी लिहिलं की पुन्हा उठलेला येशू शिष्यांना हातापायाच्या खुणा दाखवतो, म्हणजे गौरवी शरीरातही जखमा पुसल्या गेल्या नाहीत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिले. येशू खुणा दाखवतो तो लूकचा २४ वा अध्याय लहानपणापासून ऐकतेय, पण असा कधी दिसलाच नव्हता.

आता आपल्या इमारतीचं बघा. रॅम्प झाला, चांगलंच झालं, पण तो येतो दारापर्यंत. आत बाकांच्या मध्ये जागाच नाही त्यामुळे व्हीलचेअर एकतर पॅसेजमध्ये अडथळ्यासारखी नाहीतर सगळ्यात मागे भिंतीला. एक बाक थोडा कापला तर तो माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी बसेल की. आणि पुलपिटला, म्हणजे प्रवचनाच्या जागेला पायऱ्या, क्वायरच्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या जागेला पायऱ्या, म्हणजे तुम्ही या, बसा, ऐका, पण वर येऊन काही करायचं नाही, असाच अर्थ होतो ना त्याचा? बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत सांगणारी ताई असते, पण गाण्यांच्या वेळी लाइट मंद करतात आणि तिचे हातच दिसत नाहीत.

ऑटिझम असलेल्या एका मुलाची आई यायचीच बंद झाली. तो मध्येच मोठ्याने आवाज काढायचा आणि लोक वळून वळून बघायचे, बस एवढंच झालं होतं. मंडळी म्हणजे एक शरीर, आणि त्यातले अशक्त वाटणारे अवयवच गरजेचे आहेत हे पौलाच्या पत्रातलं, १ करिंथ १२ मधलं, आपण पाठ म्हणतो, आणि हे कुटुंब चार रविवार दिसलं नाही तर साधा फोन नाही जात.

बायबलमधला मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, दावीद राजाने त्याला घरी डबा नाही पाठवला, राजपुत्रांसारखं रोज आपल्याच मेजावर जेवायला बसवलं. प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, आपण काय करतो, सगळ्यांची रांग संपली की शेवटी ताट घेऊन मागे जातो आणि अख्खी मंडळी मान वळवून बघते. त्यापेक्षा सगळ्यांनाच जागेवर द्या, किंवा खालीच वाढा, पायऱ्यांच्या अलीकडे.

बुधवारी कमिटीची मीटिंग आहे, तिथे हे सगळं मांडणार आहे. पण आधी फोन करून व्हीलचेअरवाल्या काकांना आणि त्या मुलाच्या आईला मीटिंगला बोलवायचंय, काय हवंय ते त्यांनीच सांगावं. मीटिंगची खोली वरच्या मजल्यावर आहे, ती खाली हॉलमध्ये घ्यायला लावते उद्याच.