कोलफॅक्सच्या दोन टोकांना

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, पायऱ्या चढताना मला धाप लागली. पंधराव्या पायरीवर कोरलंय, 'समुद्रसपाटीपासून एक मैल उंच'. नातू म्हणाला, "बघ आजी, वयाचा काही संबंध नाही." गुणी पोरगं!

ही विरळ, कोरडी हवा एकेकाळी औषध होती. जर्मन डॉक्टर कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं हवा, ऊन, दूध, अंडी आणि पडून राहणं हाच इलाज. माझी एक चुलत आजी मिरजेजवळच्या वानलेसवाडीला राहून आली होती, त्यामुळे 'सॅनेटोरियम' हा शब्द आमच्या घरात कायम हळू आवाजात बोलला जाई. डेन्व्हरला तर गाड्या भरभरून क्षयरोगी उतरत. त्यांना इथे 'लंगर' म्हणत, म्हणजे फुप्फुसवाले. त्यात न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत शिवणकाम करून खंगलेले गरीब ज्यूही पुष्कळ.

आम्ही आधी पूर्वेकडे गेलो. कोलफॅक्स हा शहराला आडवा छेदणारा लांबलचक रस्ता. त्यावर कोलोरॅडो बुलेवर्डच्या नाक्याला नॅशनल ज्युइश हे श्वसनविकारांचं मोठं रुग्णालय आहे. फ्रान्सिस वाइजबार्ट जेकब्स ही बाई रस्त्यात कोसळलेल्या रोग्यांसाठी झटली. इमारत उभी राहिली, पण बाई १८९२ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी चांदीचा बाजार कोसळला. पैशाअभावी बंद राहिलेल्या इमारतीचं कुलूप निघालं ते १८९९ च्या डिसेंबरात. पैसे देऊ शकणाऱ्याला इथे प्रवेश नाही आणि प्रवेश मिळालेल्याला पैसे द्यावे लागणार नाहीत, असं ब्रीद. ऐकायला फार छान. मेख अशी की सुरुवातीला रोगी घेत ते बरे होण्याजोगे, तेही सहा महिन्यांपुरते. आणि स्वयंपाक कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे, नव्हता.

चालवणारी मंडळी जर्मन वळणाची, आधी येऊन स्थिरावलेली. रोगी बरेचसे रशिया-पोलंडकडचे, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे. मांस आणि दूध एका जेवणात नाही, दोन्हींची भांडी वेगळी, हे त्यांचं सोवळं. आमच्या आजीने दवाखान्यातला चहा कधी घेतला नाही. ज्याला पोटभर खाऊनच जगायचंय त्याने ताट परत पाठवलं तर काय होणार?

यावर १९०४ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या काही कामगार-कारागिरांनी स्वतःचीच संस्था काढली, ज्युइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी, म्हणजे ज्यू क्षयरोग्यांची मदत संस्था. चिटणीस डॉ. चार्ल्स स्पिवाक. मूळचे युक्रेनचे, समाजवादी, धर्मकर्मात न अडकलेले. तरी कोशर स्वयंपाकघरासाठी आग्रही. मला हा माणूस तिथेच आवडला. त्यांचं वैद्यकीचं शिक्षण फिलाडेल्फियात, १८९० ची पदवी. त्याच गावात चार वर्षं आधी आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. स्पिवाक डेन्व्हरला आले तेही बायकोच्या प्रकृतीसाठी.

त्यांची जागा कोलफॅक्सच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला लेकवुडमध्ये. आम्ही लाइट रेलने लामार स्टेशनला उतरलो. सप्टेंबर १९०४ मध्ये इथे सात रोगी आले आणि तंबूत राहिले. जुन्या फोटोत तंबूंची रांग दिसते: खाली लाकडी जमीन, वर कॅनव्हास. डेन्व्हरच्या थंडीत तिथे झोपायचं! शेवटच्या टप्प्यातलेही इथे घेतले जात. साहजिकच मरणारे जास्त, आणि त्यावरून नॅशनल ज्युइशवाल्यांशी वर्षानुवर्षं वाद. एक जीव वाचवला तर जग वाचवलं, हे तालमूड या ज्यू धर्मग्रंथातलं वचन यांचं ब्रीद. पण वाचणार नाही हे दिसत असलेल्यालाही त्यांनी खाट दिली.

पुढे विटांच्या इमारती झाल्या. १९२६ चं छोटं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अजून उभं आहे, आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. नातू झाडाखाली खारीमागे लागला होता. मी मात्र लायवीकचा विचार करत होते. यिडिशमधला हा मोठा कवी १९३० च्या दशकात इथे रोगी म्हणून राहिला आणि इथल्या अनुभवावर त्याने कविता लिहिल्या. त्याआधी येहोआश हा कवी क्षयापायी डेन्व्हरला आला होता. त्याने आणि स्पिवाकांनी मिळून यिडिशमधल्या हिब्रू शब्दांचा कोश १९११ मध्ये काढला. खोकत खोकत शब्दकोश! आपल्याकडच्या जुन्या कोशकारांना हे पटलं असतं.

स्पिवाक १९२७ मध्ये गेले. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं: देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिरफाडीसाठी, नंतर हाडं जोडून सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठाला. हे मी लेकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, जेवायच्या आधी नको."

औषधं आल्यावर १९५४ मध्ये संस्था कर्करोगाकडे वळली, नाव बदललं. नंतर त्या आवारात कला महाविद्यालय आलं. रोग्यांची जुनी कागदपत्रं डेन्व्हर विद्यापीठात जपलेली आहेत.

सॅनेटोरियमच्या जमिनीच्या एका भागावर बाजारसंकुल झालं. तिथे कासा बोनिता नावाचं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे: गुलाबी मनोरा आणि आत चक्क धबधबा. नातवाचा सकाळपासूनचा खरा मुक्काम हाच. आगाऊ नोंदणी आम्ही केली नव्हती, म्हणून मनोऱ्याखाली उभं राहून घरून आणलेले थालीपीठ-लोणचं खाल्लं. धाप तोवर थांबली होती.