हर्णैच्या बंदरात संशोधन सांगताना

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच सुमारास सरकारने माशांच्या ५४ जाती किती लांबीच्या झाल्यावर धरायच्या, तेही ठरवून दिलं. पापलेट किमान १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. यामागचं शास्त्र मच्छीमारांपर्यंत नेण्याचं काम आमच्या प्रकल्पात माझ्याकडे आलं. हॉल घेऊन पडद्यावर तक्ते दाखवू, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यांच्याशी त्यांच्या जागेवर जाऊनच बोलायला हवं.

पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आधी, मे महिन्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला गेले. एका मावशींकडून दोन पापलेटं घेतली, एक तळहातावर मावणारं आणि एक चांगलं मोठं. दोन्ही तिथेच चिरून मागितली. मोठ्याच्या पोटात गच्च गाभोळी, म्हणजे अंडी, होती. धाकट्याच्या पोटात तिचा मागमूस नव्हता. "पोरच हा गो अजून," मावशी म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. मासा एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात यावा, हा आमच्या सगळ्या संशोधनाचा गाभा मावशींच्या मासळीच्या टोपलीवर, त्या पाटीवर, उघडा पडला होता. मिलिमीटरचा विषय मी त्यानंतरच काढला, आणि पाटीच्या कडेवरच खूण करून दिली.

पुढचं बोलणं जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, माणसं मांडवात जाळी दुरुस्त करत बसलेली. मी सोबत जाळ्याचे दोन तुकडे नेले होते, एक नेहमीच्या तिरक्या आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं भोक), दुसरा चौकोनी. होडीचे प्रमुख असलेल्या एका तांडेलकाकांच्या हातात दिले आणि ओढायला सांगितलं. ताण पडला तसा तिरका आस मिटत गेला. चौकोनी उघडाच राहिला. काकांनी त्यातून बोट आरपार घातलं आणि शेजारच्याला दाखवलं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेपटाला चौकोनी आस लावला की बारकी मासळी निसटते, हे त्यांनीच पुढे चौघांना समजावलं. माझ्यापेक्षा खूप चांगलं.

मग खरा प्रश्न आला. "आम्ही बारीक मासा सोडायचा, आणि एलईडीच्या झोताने मासा गोळा करून रात्रीचा समुद्र उपसतात त्यांचं काय, मॅडम?" अशा वेळी शास्त्रज्ञाने विषय बदलला की विश्वास गेलाच म्हणून समजा. मी सांगितलं, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे आणि तरी ती चालते ही तुमची तक्रार रास्त आहे. मासा घटण्याची कारणं अनेक आहेत, त्यात पाणी तापणंही आलं. कोणत्या कारणाचा वाटा किती, ते आमच्या आकड्यांवरून नेमकं सांगता येत नाही. हे ऐकून कुणी उठून गेलं नाही. उलट कुठल्या खोलीला, कुठल्या महिन्यात बारकं पापलेट जास्त लागतं, ते एकेक जण सांगू लागला. आमच्या नोंदींत नव्हती अशी माहिती त्यात होती, आणि ती मी त्यांच्यासमोरच वहीत उतरवली.

शाळांत बोलणं, स्थानिक वर्तमानपत्रांत लिहिणं हेही केलं, पण जीव ओतायचा तो इथेच. हंगामाच्या शेवटी मोजमापाचे आकडे सगळ्यात आधी याच मांडवात वाचून दाखवायचे, असं काकांशी ठरलं आहे.